नाव ठोकलेलं टोक

आर्लीन हॉवलँड आली तीच तणतणत. "जोसी, त्या डेल्बर्टने मला नेमबाजांच्या क्लबात चोर ठरवलंय! म्हणे, आयनार गेल्यावर मी बाजारातल्या स्वस्त नळ्यांवर त्याचं नाव ठोकून विकते!"

खाजगी तपासनीस जोसी टकरने तिला बसवून कॉफी दिली. जोसीचा मदतनीस मर्ल कोपऱ्यात बसून ऐकत होता. आर्लीनचा नवरा आयनार रायफलच्या नळ्या घडवायचा. अख्ख्या मोंटानात त्याच्या हाताला तोड नव्हती. तो गेला तेव्हा तीन तयार नळ्या मागे राहिल्या. त्यातली एक त्याचा जिवलग मित्र डेल्बर्ट स्वतः निवडून घेऊन गेला होता. आता तिच्यातून सुटलेल्या गोळ्या वाट्टेल तिकडे जात होत्या.

"क्लबातलं कुणी माझा फोनसुद्धा उचलत नाही गं," आर्लीन म्हणाली. "दिवसभर वाऱ्याशी बोलते मी."

मर्लने तिचा कप पुन्हा भरला. बायको गेल्यापासून तोही रेडिओशीच भांडायचा.

जोसी आणि मर्ल डेल्बर्टच्या घरी गेले, तेव्हा त्याने रायफल काढून दाखवली. "हे बघ, नळीच्या तोंडाजवळ नाव, 'हॉवलँड'. नाव खरं, माल खोटा! आयनारची नळी अशी मारत नाही." बोलता बोलता तो अंगठ्याने ती अक्षरं पुसत होता.

जोसीने बारीक दुर्बीण नळीत घातली. "आतले ओरखडे लांबीच्या दिशेने आहेत."

"मग काय झालं?" मर्लने विचारलं.

"यंत्राचे ओरखडे आडवे येतात, बाबा. इथे कुणीतरी शिशाचा गोळा पुढेमागे फिरवून हाताने घासून गुळगुळीत करत बसलंय. स्वस्त नळीवर एवढी मेहनत कोण घेतं?"

मग ते दोघं डेल्बर्टच्या रायफलला ती नळी बसवणाऱ्या बंदूकमिस्त्री टोबीकडे गेले. त्याने हात वर केले. "मी फक्त बसवली आणि तोंड नीट करून दिलं. लांबी तसूभरही कमी करू नकोस, असं डेल्बर्टने बजावलं होतं. म्हणे, लांब नळी, जास्त वेग! म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार?"

तिथून दोघं आयनारच्या कारखान्यात गेले. उरलेल्या दोन्ही नळ्यांवर नाव अगदी टोकालाच होतं. मर्लने भिंतीवरची आयनारची स्वतःची रायफल फिरवून पाहिली. "घ्या! याच्या स्वतःच्या बंदुकीवर नावच नाही!"

"लाजराच होता तो," आर्लीन म्हणाली.

जोसीने डेल्बर्टला तिथेच बोलावून घेतलं. त्याच्या नळीत मऊ शिशाची गोळी घालून सळई त्याच्या हातात दिली. "ढकल."

"सगळीकडे सारखाच जोर लागतोय," तो म्हणाला. मग चपापला. "अरे! तोंडाशी एकदम सैल झाली!"

"नळी आयनारचीच आहे," जोसी म्हणाली. "घासायचा गोळा टोकाशी जाऊन परत फिरतो, तिथे जास्त घासलं जातं आणि टोक सैल होतं. म्हणून नळी मुद्दाम लांब ठेवतात आणि बसवताना तेवढं टोक कापून टाकतात. आयनार नाव ठोकायचा ते त्याच टोकावर, कापायची खूण म्हणून. त्याच्या बंदुकीवर नाव नाही ते त्यामुळे. आता सांग, लांबी वेगासाठी राखलीस का?"

डेल्बर्टने सळई बाजूला ठेवली. "टोक कापतात हे माहीत होतं. का कापतात, ते कधी विचारलं नाही. आयनार होता ना सगळं बघायला. पण हे त्याचं शेवटचं नाव, आर्लीन. त्याला करवत लावू देववेना."

"शेवटचं?" आर्लीनचा आवाज फाटला. "अरे, माझंही नाव हॉवलँडच आहे ना? दफनानंतर नळी न्यायला आलास तेवढाच, पुन्हा या दारात फिरकला नाहीस. पोलादावरचं नाव जपलंस आणि जिवंत बाईच्या नावाला काळं फासलंस!"

डेल्बर्टला मान वर करवेना.

शेवटी तिनेच डोळे पुसले. "करवत त्या खिळ्याला आहे. टोक काप. मग क्लबात जाऊन सगळ्यांसमोर खरं सांग. आणि मग जेवायला ये. मला एकटीला घास उतरत नाही रे."