बेंबी सरकत नसते

पहिल्या स्पीडब्रेकरला त्याने डोळे मिटले. दुसऱ्याला दात आवळले. तिसरा आधी मलाच दिसला आणि मी नकळत त्याच्याकडे वळून पाहिलं... त्याचा उजवा हात केव्हाच पोटावर गेला होता. जरा खाली, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला.

सोमवार सकाळची गडहिंग्लज-कोल्हापूर गाडी. शनिवारी दुपारी घरी जायचं आणि सोमवारी परत यायचं, हे माझं दोन वर्षांचं वेळापत्रक. खिडकीबाहेर उसाने भरलेल्या ट्रॉल्या, उसावर रेंगाळलेलं धुकं आणि कारखान्याच्या मळीचा गोडसर-आंबट वास. शेजारी हा. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. शर्टच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. चेहरा एरवी हसरा असावा, पण आत्ता त्याच्या कपाळावर घाम होता. जानेवारीत.

त्याने फोन लावला. "आत्या, केरबाचा सार्थक बोलतोय. व्हय, गाडीतच हाय. तासाभरात पोचतो. तेल गरम करून ठेव... व्हय, परत सरकलीया."

मी कुणाच्या बोलण्यात पडत नाही. पण तेल म्हटल्यावर मला राहवेना.

"काय सरकलंय?"

तो दचकला. मग हसायचा प्रयत्न केला. "बेंबी ओ. परवा कंप्रेसर उचलला एकट्यानं. दुधाचे कूलर दुरुस्त करतो मी, गावोगावच्या डेअरीत. तवाच सरकली असणार. आत्या बसवती. चोळून, वाटी लावून. तिचा हात लई बेस हाय."

"दुखायला कधी लागलं?"

"काल दुपारी. एकच्या सुमाराला."

"कुठे?"

"बेंबीभोवती. नीट सांगता येत नव्हतं. आता मातर हितं." त्याने बोट ठेवलं. एकच बोट, एकाच जागी.

"काल रात्री जेवलात?"

"इच्छाच झाली न्हाय."

"उलटी?"

"एक." त्याने मान तिरकी केली. "मॅडम, तुम्ही शिरगणतीवाल्या हाय काय?"

"ताप आहे का?"

"तुम्हीच बघा की." त्याने मनगट पुढे केलं.

त्यात आगाऊपणा होता. मी तरी बोटांची मागची बाजू त्याच्या मनगटाला टेकवली. गरम होतं. नाडी पळत होती. मी हात मागे घेतला, तर माझीही पळत होती... त्याचं कारण तेव्हा मी लांब बसलेल्या कंडक्टरच्या शिट्टीला दिलं.

"तुम्ही डॉक्टर हाय?"

"नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, राजारामपुरीत. ऑपरेशनमध्ये शरीरातून जे काढतात, ते बरणीतून आमच्याकडे येतं. त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर बसवायचे, हे माझं काम. मग मॅडम मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात काय झालं होतं."

"अरं बाप रं. आन् बरणीतनं बेंबी आली न्हाय कवा?"

"नाही. कारण बेंबी सरकत नसते. दुखणं सरकतं."

मी त्याला समजावलं, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीएवढी एक बंद नळी असते, अपेंडिक्स. तिचं तोंड बुजलं की ती सुजते. सुरुवातीला शरीराला नेमकं कळत नाही कुठे दुखतंय, म्हणून सगळं बेंबीभोवती वाटतं. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली, की दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं. मग गाडी हादरली तरी कळ येते, खोकलं तरी येते. भूक आधीच गेलेली असते.

"आन् चोळलं तर?"

"फुटू शकतं. फुटलं तर पू पोटभर पसरतो." मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "त्यात माणूस दगावतो."

कागल आलं तसा त्याने पोटावरचा हात अलगद उचलला. मग एकदम म्हणाला, "समजा, माझं कापलं... तर ते तुमच्याकडं येणार?"

"येईलही. गावातल्या बऱ्याच सर्जनचं आमच्याकडेच येतं."

"मग कापूनच घेतो की!"

मला हसू आलं. आणि हसू आलं याचा रागही आला — माणूस तापाने फणफणलाय, आणि चेष्टा करतोय!

स्टँडवर उतरताना तो कमरेत वाकूनच चालत होता. पायऱ्यांवर मी त्याची पिशवी धरली. "आता काही खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. सरळ सर्जनकडे जा."

"आत्याला तोंड दाखवून जातो. एकटीच असती वो, तेल ठेवून वाट बघत बसली असंल."

"तेल थांबेल."

"तिला आई न्हाय म्हणता येत, म्हणून आत्या म्हणतो. तिनंच वाढवलंय मला." त्याने पिशवी घेतली. बोटं बोटांना लागली... आणि सुटली. "तुमचं नाव?"

"संघप्रिया."

"भारी हाय. येतो, संघप्रिया मॅडम."

तो रिक्षात बसला आणि मला स्पष्ट ऐकू आलं: "मंगळवार पेठ." कुठल्याही दवाखान्याचं नाव नाही; आत्याचंच घर असणार. मंगळवार पेठ!

रिक्षा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी लक्षणांची सगळी यादी विचारली होती. फक्त त्याचा फोन नंबर विचारला नव्हता. आडनावही नाही.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते सांगते. रविवार दुपारी एक म्हणजे शून्य तास. छत्तीस तासांनंतर अपेंडिक्स फुटण्याची शक्यता वाढत जाते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मायक्रोटोमवर काप काढताना मी तास मोजत होते. मंगळवारी दुपारी अठ्ठेचाळीस झाले. डबा उघडून तसाच मिटला. मला वाटत होतं, मीच चुकले. मी त्याच्याबरोबर रिक्षात बसायला हवं होतं. लॅबला एक तास उशीर झाला असता, इतकंच ना? त्या म्हातारीचा हात त्याच्या पोटावर फिरताना मला दिसायचा आणि माझी झोप उडायची.

"संघप्रिया, काप जाड येतायत," वर्षाराणी मॅडम म्हणाल्या. "लक्ष कुठंय?"

बुधवारी सकाळी साडेदहाला हॉस्पिटलचा माणूस बरण्या ठेवून गेला. एक पित्ताशय. एक चरबीची गाठ. तिसरी बरणी लहान होती, झाकणावर चिकटपट्टी. मी नोंद करायला लेबल वाचलं.

सार्थक केरबा कांबळे. वय २७. अपेंडिक्स.

मी खुर्चीत बसले. परत वाचलं. मग सोबतचा फॉर्म वाचला: दुखणं बेंबीभोवती सुरू, नंतर उजवीकडे खाली सरकलं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. सोमवारी दुपारी.

सोमवारी दुपारी! म्हणजे मी ज्या वेळी त्याच्या काळजीने तास मोजत होते, त्या वेळी तो भूल उतरून झोपला होता.

मॅडम नमुना कापायला बसल्या. मी लिहून घेत होते. लांबी साडेसात सेंटिमीटर. टोक सुजलेलं, लालभडक, वर पिवळट पापुद्रा.

"फुटलंय का?" मी विचारलं. हा प्रश्न मी मॅडमना कधी विचारत नाही. त्या सांगतात, मी लिहिते.

"नाही गं. भिंत अखंड आहे." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आजच्याएवढा आनंद मी अपेंडिक्स बघून कुणाला झालेला पाहिला नाही. ओळखीचा पेशंट?"

"एका गाडीतला," मी म्हटलं, आणि कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी मी ती काच रंगवली. जांभळा, मग गुलाबी. मॅडमनी दाखवली तेव्हा भिंतीच्या स्नायूंमध्ये सूज आणणाऱ्या पेशी दाटीवाटीने शिरलेल्या दिसत होत्या. अजून काही तास, आणि त्या पलीकडे गेल्या असत्या. शुक्रवारी रिपोर्ट तयार झाला. फॉर्मवर त्याचा नंबर होता. पेशंटचा नंबर आपल्या कामासाठी वापरायचा नाही, हा लॅबचा नियम. मी नियम पाळला. नंबर मात्र... पाठ झाला. तो काही मी मुद्दाम केला नाही.

शनिवारी चार वाजता काउंटरवर खणखणीत आवाज आला. "कोण ती संघपिरिया?"

नऊवारीतली, हडकुळी, ताठ कण्याची बाई. तिच्यामागे, एक हात पोटावर धरून, सार्थक. दाढी वाढलेली. चेहरा उतरलेला. आणि हो, एरवी हसराच होता.

"मी," मी म्हटलं. "जयभीम, आत्या."

"जयभीम. मी तानाबाई. तूच न्हवं का, माझं तेल वाया घालवायला निघालीस ती?"

"आत्या..." सार्थक कळवळला.

"गप रं. बोलू दे मला." तिने काउंटरवर कोपर टेकलं. "पोरी, चाळीस वरसं बेंब्या बसवत्या मी. पण ह्यो आला तवा चुलीवर मटण शिजत हुतं. ताट वाढू का म्हणलं, तर न्हाय म्हणला. केरबाचा पोरगा मटणाला न्हाय म्हणतोय! बेंबी सरकलेला माणूस चापून जेवतो की. ह्याच्या पोटाला मी हातच लावला न्हाय. उठ म्हणलं, दवाखान्यात चल, हे माझ्या हातातलं न्हाय."

मी काउंटरवरच्या तिच्या हाताकडे बघितलं. दोन दिवस जो हात आठवून मला झोप आली नव्हती, तो हात त्याच्या पोटापाशीसुद्धा गेला नव्हता. मी वाचलेल्या पुस्तकांत लक्षणांचं जे पहिलं पान होतं, ते तिने चुलीपाशी वाचलं होतं.

"आत्या, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला वाटलं, तुम्ही चोळणार."

"वाटणारच की. समद्यास्नी वाटतं." तिने हात उडवला. "आन् ऐक, दुर्बीण कुठनं घातली माहीत हाय? बेंबीतनं! शेवटी बेंबीतनंच बरा झाला न्हवं?"

आत मॅडम खो-खो हसल्या. मीही. सार्थकला हसू आलं तसं त्याने दोन्ही हातांनी पोट धरलं. "हसवू नगा... टाके हायत!"

मी रिपोर्ट पुढे सरकवला. "तीव्र अपेंडिसायटिस. फुटलेलं नव्हतं. बाकी काही वाईट नाही. आता काळजीचं कारण नाही."

"डॉक्टरनं डावीकडं दाबलं आन् दुखलं उजवीकडं," तो म्हणाला. "तवाच मला कळलं, मॅडम, तुम्ही खरं बोलला हुता. टेबलावर घेताना मी डॉक्टरास्नी म्हणलं, ते काढलेलं राजारामपुरीला पाठवा. ते म्हणले, तिकडंच जातंय. तवा जरा बरं वाटलं."

"बरं का वाटलं?"

"ओळखीच्या माणसाकडं चाललंय म्हणून."

आत्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मी औषधं घिऊन येते. त्या कोपऱ्यावर दुकान हाय. लई गर्दी असती तिथं. येळ लागंल." आणि ती चालू लागली. मला ते दुकान माहीत आहे. चारच्या सुमाराला तिथे कुत्रं नसतं.

आम्ही दोघं उरलो. काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे तो. पंखा फिरत होता.

"टाके कधी काढणार?"

"मंगळवारी." त्याने रिपोर्टची घडी घातली. "खरं सांगू? हा रिपोर्ट हॉस्पिटलात आपोआप पोचणार हुता. ते म्हणले, यायची गरज न्हाय. मीच म्हणलं, न्हाय... मी जातो."

मला आता गप्प राहता आलं असतं. पण अर्धवट नोंदी मला आवडत नाहीत.

"मी शनिवारी दुपारच्या गाडीने गावी जाते," मी म्हटलं. "दोन वर्षांत एकदाही चुकली नाही. आज दुपारी गाडी गेली. मी गेले नाही."

"का?"

"रिपोर्ट शुक्रवारी तयार झाला. तुम्ही शनिवारी याल, असं वाटलं. आणि आलात, तर मी इथे असावं, असं... असंही वाटलं."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला माझ्याकडे नाव नाही. बसमध्ये दात आवळून बसलेला तो माणूस, आणि हा. तो जिवंत होता. माझ्यासमोर उभा होता. आठवडाभर छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी अलगद उचलल्यासारखं मला झालं.

"चहा चालतो का तुम्हाला?" मी विचारलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"समदं चालतं म्हणले. फकस्त जड उचलायचं न्हाय, आन् पळायचं न्हाय."

"संघप्रिया," आतून मॅडमचा आवाज आला, "अर्ध्या तासाने ये."

मी अॅप्रन खुंटीला अडकवला. बाहेर राजारामपुरीत शनिवारची वर्दळ सुरू झाली होती, ऊन रस्त्यावर तिरकं आलं होतं. टाके ओढत होते म्हणून तो एकेक पाऊल जपून टाकत होता. माझ्याकडे अर्धाच तास होता, आणि मी त्याच्याहूनही हळू चालत होते.