चौकटीवरची रेघ

सुतार फळी खांद्यावर घेऊन नदीकाठच्या गल्लीत वळला आणि फळीचं टोक कुणाच्या तरी उंच मोजपट्टीवर आपटलं.

"सरकारी माल आहे हं!" मोजपट्टीमागून पूरनियंत्रण खात्याची इंजिनिअर म्हणाली.

"माझी फळीही काही रस्त्यावर पडलेली नाही, मॅडम."

तिला जुन्या पुरांच्या खुणा हव्या होत्या. नदीकाठी सरकार भिंत बांधणार होतं आणि तिची उंची त्यांवरून ठरणार होती. सुताराच्या दुकानाच्या चौकटीवर त्याच्या वडिलांनी कोरलेल्या रेघा होत्या. डावीकडे पुराच्या, उजवीकडे लेकाच्या वाढत्या उंचीच्या. तिने सगळ्यात वरची पुराची रेघ मोजून घेतली. खरं तर काम तिथंच संपलं होतं. पण भिंतीचं काम सुरू झाल्यावरही बाई दर दोन दिवसांनी काही ना काही निमित्त काढून येत राहिल्या, आणि सुताराचा रंधा तासन्‌तास एकाच फळीवर फिरत राहिला.

एका दुपारी तिने त्याला चौकटीला पाठ लावून उभं केलं. "बघू तरी, विसाव्या वर्षी केवढे होतात!"

विसाव्या वर्षाची रेघ त्याच्या हनुवटीशी आली.

"अजून वाढताय की काय?"

तो हसला... आणि एकदम त्याचं तोंड उतरलं. "मॅडम — चौकट खालून कुजली होती. वीतभर कापून परत बसवली मी. सांगायचं डोक्यातच आलं नाही."

म्हणजे पुराची रेघही वीतभर खाली सरकली होती, आणि भिंत त्याच मापाने उभी राहत होती.

"मी तरी कुठं विचारलं?" ती पुराच्या रेघेकडे बघत म्हणाली. "साहेबांना सांगावं लागेल. नोकरीवर आलं तरी..."

"मीही येतो. चौकट कापली मी, बोलणी एकट्या तुम्ही का खाता?"

बोलणी दोघांनी पोटभर खाल्ली. भिंत मात्र वीतभर वाढली.

पाणी चढलं ते श्रावणातल्या एका सकाळी. दोघं पुलाच्या चढावर उभे होते. मुळासकट उपटलेली झाडं काडीसारखी वाहत होती, पायांखालची जमीन थरथरत होती. एवढी मोठी नदी तिने जन्मात पाहिली नव्हती. पाणी चढता चढता भिंतीच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं. मागे अख्खी गल्ली कोरडी होती. तिच्या अंगावर काटा आला. हात नदीला जोडावेत की भिंतीला, तिला कळेना. तोवर तिचा एक हात त्याच्या हातात गेलाही होता.

पूर ओसरल्यावर त्याने पटाशी काढली. डावीकडे यंदा कोरायला काहीच नव्हतं.

"इकडे उजवीकडे उभी राहा," तो म्हणाला.

"तिकडे तर... घरच्या माणसांच्या रेघा आहेत ना?"

"म्हणूनच. हलू नकोस, वाकडी येईल."

"आणि चौकट पुन्हा कापलीस तर?"

"आधी तुला विचारीन."

ती हसली, आणि चौकटीला पाठ टेकून ताठ उभी राहिली.