भाटघरच्या वळणावर गार पडलेलं तेल

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः त्या गाडीत बसले होते. तुम्हाला पटली नाही तर सोडून द्या... मला तरी कुठं पटलीये अजून?

२००३ सालचा मे महिना. भाटघर धरणाच्या कडेनं जाणारा रस्ता.

रात्र नव्हती. भर दुपार होती. डांबर मऊ पडेल असं ऊन होतं.

मी फौजिया. आमचं घर भोरमध्ये. माझे थोरले भाऊ एहसानभाई यांचं तिथंच गॅरेज. त्यांचे जिगरी दोस्त हनुमंतदादा, विंझरचे. भाई गाडी बनवायचे, दादा पळवायचे. दोघांनी मिळून एक जुनी एस्टीम शर्यतीसाठी तयार केली होती. मागच्या सीटा काढून टाकलेल्या. आत नुसता पत्रा.

आदल्या वर्षी चेन्नईच्या ट्रॅकवर ती दगा देऊन गेली होती. इंजिनातलं तेल इतकं तापलं की पाण्यासारखं पातळ झालं, इंजिन भर वेगात जाम झालं आणि गाडी भिंतीवर आदळली. दादा कसेबसे वाचले. त्यांच्या आईनं भाईंना उंबऱ्यात उभं करून विचारलं होतं, "पुन्यांदा आसं झालं तर माझ्या लेकाला कोन आनून देनार?"

म्हणून यंदा ऑईल कूलर बसवायचा होता. रेडिएटर जसा पाण्याला थंड करतो, तसा हा तेलाला. भाईंकडे दोन होते. एक मोठा, भंगारातल्या परदेशी गाडीचा. तो रेडिएटरच्या पुढं बसायचा, पण रेडिएटरची हवा अडवायचा. दुसरा नवा, छोटा. तो बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, रस्त्याच्या अगदी जवळ.

कुठला घ्यायचा, हे गाडी पळवल्याशिवाय कळणार नव्हतं.

मला सुट्टी होती. माझं काम एकच. दादांच्या शेजारी बसायचं आणि तेलाच्या तापमानाचा काटा मोठ्यानं वाचायचा. भाई मागं पत्र्यावर उकिडवे.

पहिल्या दिवशी मोठा कूलर लावला.

दादांनी खालच्या गिअरमध्ये चढ ओरबाडून काढला. मी ओरडत होते, "शंभर... एकशे दहा... एकशे वीस..."

धरणाच्या पाण्याजवळ एक वळण आहे. तिथं आलो आणि...

काटा पडला.

हळूहळू नाही. कुणीतरी बोटानं खाली ओढावा तसा.

"दादा, काटा शून्यावर आलाय!"

गाडी थांबवली. भाईंनी बॉनेट उघडलं. तापलेलं इंजिन बंद केलं की टिकटिक वाजतं. ते वाजत नव्हतं. झाडीतल्या किड्यांची किरकिर... तीही नव्हती.

भाईंनी भीतभीत कूलरला बोट लावलं. मग अख्खा हात ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले. "बर्फासारखा."

कूलरवर दव पडलं होतं. मे महिन्यात.

"लई मोठा झाला रं हा," दादा हसले. "छोटाच बसव."

भाई हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी छोटा कूलर लावला. तोच चढ, तेच ऊन. मी काट्यावरून नजर काढली नाही.

वळण आलं.

काटा पडला...

या वेळी गाडी थांबताच भाई आधी खाली वाकले, बंपरच्या कोपऱ्याशी. आणि तसेच थिजले.

मीही वाकून बघितलं. कूलरला पातळ पात्या असतात, नखानंही दबतात. त्या पात्या दबल्या होत्या. पाच ठिकाणी.

बोटं होती ती. पंजा पसरून कुणीतरी कूलर घट्ट धरला होता. आणि अंगठ्याची खूण वर नव्हती, खाली होती... रस्त्याच्या आतून हात वर यावा तशी.

"पोरांनो..."

मी किंचाळलेच. वरच्या बांधावर एक म्हातारी उभी होती. ठकुबाई. शेळ्या घेऊन त्या बाजूला असायच्या, दादा त्यांना ओळखत होते. त्या खाली उतरल्या नाहीत. त्यांच्या शेळ्याही बांधाच्या पलीकडंच थांबल्या होत्या.

"तापल्याली गाडी हितं उबी करू नगा," त्या म्हणाल्या. "शेक घावला की येतंय ते."

"काय येतंय, आज्जी?"

"गारठल्यालं हाय, येवडंच ठावं. जावा आदी हितनं."

शेळ्या हाकत त्या निघून गेल्या. मागं वळून बघितलंही नाही.

मी म्हटलं, "भाई, घरी जाऊ." पण भाईंना त्या भिंतीवर आदळलेल्या गाडीशिवाय काही दिसत नव्हतं. "दोष कूलरमध्ये आहे का नाही, एवढं बघू दे. नाहीतर मी ह्याला शर्यतीला पाठवू कसा?"

त्यांनी कूलर काढला आणि दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या. म्हणजे तेल बाहेर येणारच नाही, इंजिनातच फिरेल. ते तेल उकळतं असायला हवं होतं. भाईंनी उघड्या हातांनी नळ्या सोडवल्या... साधा चटकाही बसला नाही.

मी गाडीत बसायला नकार दिला. मग दादा एकटेच गेले. खाली जायचं, वळून यायचं, बस.

आम्ही दोघं वळणापासून थोडं वर जाऊन रस्त्यावर उभे. गाडीचा आवाज खाली गेला. वळला. परत चढू लागला. दुसरा गिअर... तिसरा...

आणि तुटला.

इंजिन बंद पडताना घरघरतं. तसं काही नाही. नुसता आवाज संपला.

आम्ही धावलो.

गाडी वळणावर उभी होती. सायलेन्सर थरथरत होता. पाईपातून धूर येत होता. इंजिन चालू होतं...

पण आवाज येत नव्हता. माझ्या चपलांचाही नाही. भाई तोंड उघडून हाका मारत होते, त्याही मला ऐकू येत नव्हत्या.

आत दादा ताठ बसलेले. तोंडातून वाफ निघत होती. डावा हात शेजारच्या सीटवर, उताणा पडलेला.

माझ्या सीटवर.

भाईंनी दार उघडून त्यांना ओढलं. हात सीटवरून सुटेना. दोघांनी मिळून जोर लावला आणि... हात सुटला. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज कानावर आदळला.

भाईंनी गाडी भोरला आणली. मी मागं पत्र्यावर दादांना धरून बसले होते. ते एकच शब्द बोलत होते. "गार... गार..."

डाव्या हाताची दोन बोटं काळी पडली. पुण्याच्या डॉक्टरांनी ती कापली. त्यांनी भाईंना विचारलं, "पेशंट हिमालयात होते का? बर्फानं बोटं जातात तशी गेली आहेत."

शर्यत राहिली. भाईंनी गाडीचे तुकडे करून विकले. आता ते फक्त ट्रॅक्टर बघतात. त्या दिवसाचा विषय काढला तर उठून जातात.

आणि हनुमंतदादा माझ्याशी बोलेनासे झाले. आमच्याकडे आले तरी दारातच थांबायचे. मी चहा आणला की नजर खाली. मला वाटायचं, राग असेल. मी त्यांना एकटं पाठवलं म्हणून.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नात मी त्यांना गाठलंच. विचारलं, "दादा, माझं काय चुकलं?"



"तुझं काय बी न्हाई," ते म्हणाले. "त्या वळनावर शेजारी कुनीतरी बसलं. म्या बगितलं न्हाई. पन त्यानं हात मागितला. लई गारठलेय म्हनालं. मला दया आली, म्या दिला. तुमी आलात तवा ते दुसरा हात मागत हुतं... आनि म्या द्यायला निगालो हुतो."

"अनोळखी माणसाला हात दिलात, दादा?"

"अनोळखी न्हवतं," ते म्हणाले. "तुझाच आवाज हुता, फौजिया."

मांडवात गर्दी होती. मुलं ओरडत होती. मला कशाचाच आवाज येत नव्हता.

जाताना ते थोडे जवळ आले. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"भोरला येताना मागं मला धरून बसली हुतीस... ती तूच ना?"

मी हो म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पण मी निरोपाला हात पुढं केला, तेव्हा त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागं घेतले.