कॅसेटवर नसलेला आवाज

मोबाइल जरा बाजूला ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझ्या शेजारीच राहतो. ड्रम वाजवायचा, म्हणून आम्ही त्याला ठोक्या म्हणतो. साठी उलटली, तरी बोलताना त्याची बोटं टेबलावर चालूच असतात.

त्याच्या बँडचा गायक होता गोड्या. आवाज गोड, चाली त्याहून गोड. ठोक्याला मात्र रॉकचा दणका हवा. तो चिडायचा, "ही काय अंगाई आहे?" गोड्या म्हणायचा, "तुझ्या दणक्याने लोक उठून उभे राहतील रे. पण घरी जाताना गुणगुणतील काय?" शेवटी दोघे एकेक पाऊल मागे सरले, आणि त्या तडजोडीतून जे निघालं ते त्यांचं पॉप-रॉक. कडव्याला गिटार हळुवार, ध्रुवपदाला सगळे तुटून पडायचे. एक कॅसेट निघाली, बऱ्यापैकी चाललीही. मग कीबोर्डमधले आयते ठोके आले, अख्ख्या बँडचं काम एक पेटी करू लागली आणि कार्यक्रम आटले. त्याच वर्षी गोड्या तापाने गेला. बायकोला दिवस गेलेले. मुलगी झाली ती बापाच्या माघारी.

ती मुलगी गेल्या वर्षी ठोक्याकडे आली. "काका, बाबांची गाणी मला पाठ आहेत. पण ते बोलायचे कसे, तेच माहीत नाही."

ठोक्याला आठवलं. गाण्याआधी गोड्या विचारायचा, "तयार?" आणि चारपर्यंत मोजायचा. कॅसेटवर तेवढं कापलं होतं. स्टुडिओतल्या मूळ टेपवर असणार. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, "दिवसभर जाहिरातींची कामं असतात. रात्री ये, किल्ली ठेवतो. नाहीतरी हे सगळं आता भंगारातच चाललंय."

डिसेंबरचा तिसरा शनिवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेले. ठोक्याने कपाटातून टेप शोधली, जुन्या मशीनवर चढवली, कॉपी करायला कॉम्प्युटर जोडला. काचेपलीकडे गाण्याची खोली, अंधारात.

टेप फिरू लागली. खुर्ची करकरली. कोणीतरी गिटारची तार जुळवली. मग...

"तयार?"

आता मोजणी येणार, म्हणून ठोक्या थांबला.

आली नाही.

नुसती खरखर.

"तयार?"

तेव्हा दोनदा विचारलं असेल... असेलही. त्याने मशीनकडे हात नेला. हात तिथेच राहिला.

या वेळी आवाज स्पीकरमधून आला नव्हता. मागून आला होता.

"अरे... तयार ना?"

ठोक्याने मागे पाहिलं नाही.

"हो."

"एक, दोन, तीन, चार."

आणि गाणं सुरू झालं. स्पीकरमधूनच, नेहमीसारखं. ठोक्या म्हणतो, भीती नंतर वाटली. आधी रडू आलं. बोटं आपोआप टेबलावर चालायला लागली. गाणं चालू असतानाच तो बोलत सुटला, मान न वळवता.

"मुलगी झाली रे तुला. डोळे तुझेच घेतलेत. तुझं बोलणं ऐकायचंय तिला..."

गाणं संपलं.

नुसती खरखर...

टेपचं टोक सुटून फडफडत राहिलं. त्याने सगळं बंद केलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी गोड्याच्या घरी मायलेकींसमोर त्याने कॉपी लावली. "तयार?" एकदाच होतं. मागोमाग मोजणी. मुलीने तेवढाच तुकडा कितीदा तरी ऐकला. डोळे पुसत हसली. "थोडं नाकात बोलायचे ना? माझ्यासारखं."

मग गाणं पुरतं वाजू दिलं. ते संपलं तसा ठोक्या बंद करायला वाकला.

"थांबा," गोड्याच्या बायकोने, वहिनींनी, त्याला अडवलं.

खरखरीत गोड्याच्या आवाजात दोन अक्षरं होती. हलकेच उच्चारलेली, झोपलेल्या लेकराला हाक मारावी तशी. ठोक्याला काही बोध होईना.

"काय म्हणाला?"

वहिनींनी मुलीचा हात घट्ट धरला.

ते तिचं घरातलं नाव होतं. ती जन्मली त्या रात्री दवाखान्यात वहिनींनी ठेवलेलं. त्या दोघींखेरीज ते कोणालाच माहीत नव्हतं.

ठोक्यालासुद्धा नाही.