‘म्यान’ची वर्गणी

‘म्यान’ या युद्धविरोधी मासिकाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्याची मुद्रितं मी वर्षानुवर्षं फुकट तपासली. शिवाय मी बोईसरला पदार्थविज्ञान शिकवलंय. भक्तिभावाने काही फुगवून लिहीन, ही भीती नाही.

इतिहास साधा आहे. पाम गावच्या अण्णांनी चिकूच्या वाडीत शेड घालून पायाने चालवायचं छपाईचं मशीन बसवलं. वर्गणी पैशात कधीच घेतली नाही. बंदुकीची एक गोळी द्या, वर्षभर अंक घ्या. डोंगरातले शिकारी, रिटायर फौजी येऊन डब्यात गोळ्या टाकत. अण्णा त्यांचं शिसं वितळवून छपाईचे खिळे ओतत. नियम एकच होता: अंक छापायला घेतला की मशीन थांबवायचं नाही. मी त्यांना तोंडावर म्हणायचे, “हे काय खूळ, अण्णा!” ते हसायचे.

अण्णा गेले. मी लिहिलेला हा इतिहास ज्यात होता, तो शेवटचा अंक त्यांची लेक शैला छापत होती. तिचा मुलगा धीरज फौजेत, सीमेवर. आठवडाभर त्याचा फोन नव्हता. तरी मशीनवर शैलाचा पाय ठाम पडत होता.

सकाळी कागद निघू लागले. मी एक उचलला. मधोमध गोल भोक, कडा करपलेल्या. पुढच्यालाही तसंच. फटाक्यांसारखा वास आला.

“खिळा वर आलाय,” मी म्हटलं.

कोपऱ्यातल्या वर्गणीच्या डब्यात टण् झालं.

“उंदीर असेल.”

“डब्याला झाकण हाय गो, भावना.”

आणखी एक कागद. भोक. टण्.

“थांबव. मला बघू दे.”

“नको गो. अण्णांनी बजावलंय.”

“अण्णांचं राहू दे! सगळा अंक वाया चाललाय.”

मी मशीनचं चाकच धरून ते थांबवलं. खिळ्यांवरून बोट फिरवलं. सगळे सपाट होते.

“बघ, डबापण गप्प झाला,” मी म्हटलं.

शैलाने पुन्हा पाय मारला. पुन्हा भोकं, पुन्हा टण् टण्. मग काही वेळाने भोकं आपोआप बंद झाली. मी डबा उघडला. आत तांब्याच्या सालीच्या, टोकदार, नव्याकोऱ्या गोळ्या. एक उचलली तर बोटाला चटका बसला.

तेवढ्यात फोन वाजला. शैलाने पाय न थांबवता स्पीकर लावला.

“आई, मी बरा हाय! गोळीबार झाला. नेम धरून मारत होते, पण गोळी पोचतच नव्हती. भिंतीत नाय, मातीत नाय.”

“देवा रे माज्या!” शैला रडतारडता हसली.

“मधेच एक लागली. ललितला. माज्या बाजूलाच बसलेला. गेला.”

“कधी?” मी विचारलं.

“अर्धा तास झाला, मावशी. थोडाच वेळ, मग परत गोळ्या पोचेनात.”

माझ्या तळहाताला चाकाचं ग्रीस लागलेलं होतं.

“आई, परत सुरू झालंय. ठेवतो.”

डोळे पुसत शैला पाय मारत राहिली. डब्यात टण् झालं.

“कागद किती उरलाय?” तिने विचारलं.

गठ्ठा बोटभरही नव्हता.