न्गाली म्हणजे नट नव्हे

एथेलने पोरीला आजीच्या मांडीवरून खसकन ओढलं, टाकीपाशी नेलं आणि तिचे हात-तोंड चोळचोळून धुवायला घेतले.

"साबणाने हात धुतले होते गं मी," सासू डॉर्कस म्हणाली.

"तुमच्या हातांचा काय भरवसा, आई?"

दोन वर्षं डॉर्कस असे टोमणे ऐकून घेत होती.

नेस्टा तान्ही असताना दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं, हिला नटची ॲलर्जी आहे, नट चालणार नाहीत, कुठलेच नाहीत. पण या बेटावर नट म्हणजे दुकानातल्या पुडीतले खारे शेंगदाणे. न्गाली ही न्गाली! पणजोबांनी लावलेल्या झाडाची, बदामासारखी, दगडावर फोडून खाल्लेली, तिला नट कोण म्हणणार? दोन वर्षांपूर्वी चर्चच्या जेवणात न्गाली कुटून घातलेलं कसाव्याच्या कंदाचं पुडिंग पोरीला भरवलं गेलं आणि बघता बघता तिचे ओठ सुजले, श्वास कोंडला. इंजिनाच्या होडीने पलीकडच्या बेटावर दवाखान्यात नेली म्हणून वाचली.

भरवलं होतं सेल्विनने, तिच्या बापाने. पण एथेलने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, "पुन्हा हयगय केलीस, तर पोरीला घेऊन मी माहेरी होनियाराला जाईन." तिने कोणी भरवलं म्हणून विचारलं, तेव्हा मुलाचा पांढराफटक चेहरा बघून डॉर्कस म्हणाली होती, "मी."

नंतर डॉर्कसने आपली न्गालीची झाडं जावेला देऊन टाकली, न्गालीला हात लावणं सोडलं. आणि सेल्विन? तो आईच्या पदराआड सुखाने जगला.

आज मात्र बायकोचं बोलणं ऐकून जाळं विणता विणता त्याचे हात थांबले.

"एथेल, आईने नव्हतं भरवलं. मी भरवलं होतं."

"गप्प बस रे," डॉर्कस पुटपुटली.

एथेल सासूपुढे येऊन बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली. "आई... इतके दिवस का नाही बोललात?"

"बोलले असते तर पोर होनियाराला गेली असती. इथे निदान डोळ्यांसमोर तरी होती."

एथेलने भाजलेलं केळं सासूच्या हातात दिलं. "नेस्टा, ये. आजी भरवतेय."

पोरगी बापामागे लपली. "नको. आजीच्या हातचं खाल्लं की मरतात. तूच सांगितलंस."

"नाही गं राणी. ते बाबांनी केलं होतं..." एथेल म्हणाली.

नेस्टा खुदकन हसली. बाबा असं कशाला करतील?

डॉर्कसने केळं पानावर ठेवलं. "बळजबरी करू नकोस, एथेल. घाबरते म्हणून तर जिवंत आहे."

सेल्विनने मान खाली घालून दुसरं केळं सोललं. पोरीने विचारलं, "ह्यात न्गाली नाही ना?" तो नाही म्हणाला आणि तिने बापाच्या हातून ते खाल्लं.