उजव्या कोपऱ्यातला डाग

तो दुकानात आला तेव्हा मी एक लेन्स पुसत होते.

नाही. लेन्स कधीच पुसून झाली होती. मी त्याच्याकडे बघत होते.

(आधीच सांगते, या गोष्टीत मी मधूनमधून खोटं बोलेन आणि लगेच दुरुस्त करेन. सवय मोडायची आहे.)

ओसाकात, तेंजिनबाशीच्या छपराखालच्या बाजारात, आमचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. मालक कुरातासान. मी कानाए, चिठ्ठ्या लिहिणारी. प्रत्येक कॅमेऱ्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर त्याचे दोष. तळाला ओरखडा. बटणाचा रंग उडालेला. पट्ट्याला आधीच्या मालकाच्या अत्तराचा वास. दोष जास्त तितकी किंमत कमी. लोक कॅमेरा उघडूनही बघत नाहीत, चिठ्ठी वाचतात आणि पैसे देतात. चाळीस वर्षांत आमची एकही चिठ्ठी खोटी निघालेली नव्हती.

"चाळीस हजारांत काय मिळेल?" त्याने विचारलं. इतक्या हळू, की जणू कॅमेऱ्यांना ऐकू जाऊ नये.

"येन ना?"

"आमच्या आडवळणाच्या तोत्तोरीतही येनच चालतात," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्याचं नाव शुहेइ. शाळांच्या क्रीडादिनाचे, सहलींचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओत तो उमेदवारीवर होता. कामाच्या दिवशी कॅमेरा स्टुडिओचा, पण सरावाला स्वतःचा हवा.

मी एक छोटा कॅमेरा पुढे केला. "खिशात मावतो. पण बटण दाबल्यावर फोटो निघेपर्यंत धावणारी मुलं घरी पोचलेली असतील."

"आणि हा मोठा?"

"दणकट आहे. फक्त बॅटरी दुपारपर्यंतच टिकते."

"मीही तेवढाच टिकतो," तो म्हणाला. पण त्याची नजर माझ्या टेबलावर गेली होती. तिथे सकाळीच आलेला एक कॅमेरा होता, अजून चिठ्ठी न लागलेला. त्याने विचारून तो उचलला, डोळ्याला लावला... आणि श्वास घ्यायचा विसरला.

"तो तपासायचाय अजून. पण अठ्ठावन्न हजारांच्या खाली नाही जाणार."

त्याने तो इतका हळू खाली ठेवला की आवाजच आला नाही. "छान आहे," म्हणाला, आणि मान लववून निघाला.

"अहो, जरा घासाघीस तरी करा. ओसाकात न करणाऱ्याला लोक आजारी समजतात."

"मला लाज वाटते."

"मग उद्या या," मी म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे.

— कोण जाणे काय? मला चांगलं माहीत होतं.

दुकान बंद करायच्या आधी मी तो कॅमेरा तपासला. एकही दोष नाही. मग मी चिठ्ठी लिहिली: *सेन्सरवर, उजव्या वरच्या कोपऱ्यात, पुसट डाग. साफ करून जात नाही. फक्त उजळ जागी दिसतो.* अडतीस हजार. लिहिताना हात थरथरला...

नाही. अजिबात थरथरला नाही. लाज त्याचीच वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, कॅमेरा घेतला, आणि चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली.

पुढच्या मंगळवारी तो लेन्स पुसायचं कापड घ्यायला आला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही.

"एवढी कापडं?"

"लेन्स फार मळते."

"तुमची बोटं लागत असतील."

"मग एक बोटं पुसायला द्या."

तो फोटो दाखवायचा. टोफूवाल्याची वाकलेली पाठ. पुलाखाली उभ्या सायकली. दात पडलेली एक मुलगी, हसू दाबणारी. आणि प्रत्येक फोटोत, उजवीकडे वर, काहीतरी काळं आत आलेलं असायचं... एखादी फांदी, छपराची कड, कुणाची तरी टोपी.

"डाग झाकायला," तो अभिमानाने म्हणाला. "आता जमायला लागलंय."

मी हसले. काउंटरखाली माझी नखं तळव्यात रुतत होती. नसलेल्या डागासाठी तो जगभरच्या फांद्या गोळा करत होता, आणि फोटो इतके सुंदर होते की मला खरं सांगवेना.

सुंदर होते म्हणून नव्हे. तो यायचा बंद होईल म्हणून.

चौथ्या मंगळवारी त्याने कापड मागितलं नाही. कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"उद्या स्टुडिओत काम सोडतो म्हणून सांगणार आहे."

"का?"

त्याने कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. आभाळ. पुढे आभाळ. आणखी आभाळ. "तीनशे बारा काढलीत. डाग शोधायला. तुम्हाला तो एका नजरेत दिसला, मला एकदाही नाही. मूल पहिलीत एकदाच धावतं, कानाएसान. ज्याच्या डोळ्यांना स्वतःच्या कॅमेऱ्यातलं दिसत नाही, त्याने लोकांच्या मुलांचे फोटो काढू नयेत."

मागच्या खोलीत कुरातासानचा रेडिओ चालू होता.

"डाग नाहीये," मी म्हटलं.

"मला नाही दिसत, पण—"

"नाहीचये. मी खोटं लिहिलं. तुमच्या चाळीस हजारांत बसावा म्हणून."

त्याचे कान लाल झाले. मग गाल. मग सगळा चेहरा.

"मला दया नको होती."

"दया नव्हती ती."

"मग काय होतं?"

दोषांसाठी माझ्याकडे दोनशे शब्द आहेत. याला एकही सापडेना.

"तुम्ही 'छान आहे' म्हणून निघून गेला असता," मी म्हटलं. "आणि मला... ते नको होतं."

 रेडिओ बंद झाला. कुरातासान दारात उभे होते. मी त्यांनाही सगळं सांगितलं, खाली बघत.  दोन्ही हातांनी त्यांनी त्याचे पैसे परत केले आणि त्याच्यापुढे कमरेत वाकले. सत्तरीचा माणूस, पंचविशीच्या पोरापुढे, माझ्यामुळे. मग माझं पेन उचलून आपल्या खिशात घातलं. "महिनाभर फक्त फडकं," म्हणाले.

शुहेइ दारापर्यंत गेला. थांबला.

"रविवारी क्रीडादिन आहे. मी जाणार आहे."

"म्हणजे... स्टुडिओ?"

"डोळे ठीक आहेत म्हणता ना?" अजून तो माझ्याकडे बघत नव्हता. "दुपारी सगळे घरच्यांबरोबर चटयांवर बसून डबे खातात. मी एकटाच उभा असतो."

"मला अंड्याची गुंडाळी सोडून काही येत नाही."

"चालेल. पण करपली तर करपली म्हणा."

रविवारी बारा वाजता, मैदानाच्या कडेला, गिंकोच्या झाडाखाली मी चटई टाकली. तो धुळीने माखून आला. गळ्यात स्टुडिओचा कॅमेरा, कपाळावर घाम. मी डबा उघडला.

"छान झाली—" म्हणता म्हणता थांबले. मान वर होईना. "करपलीय. खालून. आणि मीठ विसरले."

त्याने डबा उचलला, उन्हाकडे तिरपा धरला, आणि नीट बघितलं.

"दिसतंय," तो म्हणाला. "सगळं दिसतंय मला, कानाए."

नुसतं कानाए, मागे आदराचं 'सान' नाही.

मग त्याने सगळ्यात काळा तुकडा उचलला आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ला.